बोनेटला कुलूप

२० ऑगस्ट, सायं. ६.४०
इंजिन बांधून झालं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं एकट्याने. आठ महिने. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री बघून गेला. म्हणाला, साहेब, काम झकास आहे, टायमिंग तेवढं मी लावून देतो. नको म्हटलं. तो हसला. का हसला?

मुदत एक सप्टेंबर. त्या दिवशी बायको कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून रुजू होणार. सकाळी सातला हजेरी, आणि तिकडे पहिली बस आठची. रोज गाडीने सोडीन या माझ्या शब्दावर तिने होकार कळवलाय. गाडी नाही तर नोकरी नाही.

२१ ऑगस्ट
पुस्तक म्हणतं, पिस्टन वर पोचायच्या दहा अंश आधी ठिणगी पडली पाहिजे. पुलीवर शून्याच्या दोन्ही बाजूंना खाचा आहेत. 'आधी'ची बाजू कोणती ते बारीक अक्षरात छापलंय आणि चष्मा वर राहिला होता. अंदाजाने डावीकडच्या खाचेला पांढरा रंग दिला. मग ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंग लाइट पुलीवर धरून, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर फिरवला. पांढरी रेघ बरोबर इंजिनावरच्या काट्यासमोर. अचूक.

तरी गाडी खोकते, तापते. रिंगा नव्या आहेत, बसायला वेळ लागणारच.

बायको खिडकीतून ऐकत होती. म्हणाली, ठिणगी उशिरा पडतेय का हो? तिच्या शिलाई मशीनला सुई आणि हुक यांचं टायमिंग असतं, ते ती कानाने लावते. शांतपणे समजावलं की ते वेगळं, हे वेगळं. तिने मान डोलावली. समजलं असावं.

२३ ऑगस्ट
ऑफिसातून आल्यावर गाडी पहिल्या किल्लीत सुरू. आवाज लोण्यासारखा. इंजिनाला माझा हात कळलाय. सहज लाइट लावला, तर रेघ जागेवर नाही. चांगली सरकलेली.

दुपारी कोणीतरी हात लावला. कुठंतरी पाणी मुरतंय. रेघ परत काट्यासमोर आणली. गाडी पुन्हा खोकायला लागली. म्हणजे त्याने आणखीही काहीतरी बिघडवून ठेवलंय.

२४ ऑगस्ट
पुन्हा तेच. संशयित दोन. एक, मिस्त्री. दोन, मेहुणा. तो परवा म्हणाला, दाजी, एक तारखेला मी सोडू का ताईला? माझी गाडी चालू नये यात याचाच फायदा. कसला फायदा ते अजून ठरलेलं नाही.

२६ ऑगस्ट
सापळा. बोनेटच्या फटीवर बायकोच्या शिलाईच्या डब्यातला निळा दोरा बांधला. संध्याकाळी दोरा जागच्या जागी, रेघ मात्र सरकलेली. दोऱ्याची गाठ माझी नाही. माझी गाठ जाडजूड, वेडीवाकडी असते. ही बारीक, टोकं कापलेली. मिस्त्री एवढा नाजूक काम करणारा असेल असं वाटलं नव्हतं.

२७ ऑगस्ट
बोनेटवर पावडर शिंपडली. बोटांचे ठसे मिळाले. लहान. मेहुण्याचे हात पाहायला मुद्दाम त्याच्याकडे चहाला गेलो. पंजे फावड्याएवढे. सुटला. त्याच्या बायकोने विचारलं, भावोजी, हात काय बघताय? भविष्य शिकतोय म्हणालो. मग अर्धा तास सगळ्यांचे हात पाहावे लागले.

२९ ऑगस्ट
मिस्त्रीला थेट विचारलं, दुपारी कुठे असतोस? म्हणाला, गॅरेजमध्ये, साहेब, अजून कुठे असणार. फार पटकन उत्तर दिलं. आधीच ठरवून ठेवलेलं असणार.

दहा नंबरचा पाना मशीनच्या ड्रॉवरमध्ये सापडला. बायको म्हणाली, मशीनचा स्क्रू ढिला होता. विचारून न्यावं माणसाने.

३१ ऑगस्ट, सायं. ७.१५
शेवटचा उपाय. रेघ काट्यासमोर आणली, बोनेटला साखळी घातली, वर कुलूप. किल्ली माझ्या खिशात. बायको म्हणाली, अहो, आजच्या दिवस कुलूप नको. का नको, ते सांगेना. बाईमाणूस, घाबरते. आता बघू कोण हात लावतो.

१ सप्टेंबर, सकाळी ७.२०
सव्वासहाला निघालो. चढ अर्धा झाला आणि गाडीने दम टाकला. वाफ. सहा पंचवीस. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, मिस्त्रीने कुलूप पण उघडलं वाटतं.

तिने हात पुढे केला, कुलपाची किल्ली मागितली. पर्समधून दहा नंबरचा पाना काढला. वाफ बसल्यावर इंजिन कसंबसं चालू करायला लावलं, बोल्ट ढिला केला, कान लावून डिस्ट्रिब्युटर इवलासा फिरवला आणि बोल्ट आवळला. आवाज लोण्यासारखा. म्हणाली, तुम्ही शून्याच्या पलीकडे मोजताय. ठिणगी आधी नाही, नंतर पडतेय. रोज दुपारी मीच लावत होते.

सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग इंजिन तुम्ही एकट्याने बांधलंत, तेवढं तरी तुमचं राहू दे म्हटलं.

मला फार लाज वाटली. चढ संपेपर्यंत वाटत होती. गाडी तीच चालवत होती, लायसन्स लग्नाआधीचं आहे तिचं. सात वाजायला चार मिनिटं असताना आत गेली, गाडीसकट. संध्याकाळी गाडी तीच आणणार.

आता कारखान्याच्या फाटकाबाहेर बाकावर बसलोय. परतीची बस साडेनऊला. वॉचमनने विचारलं, कोण तुम्ही? नव्या मॅडमचा ड्रायव्हर, असं सांगितलं. म्हणाला, फाटक मीच उघडलं, गाडी तर मॅडम चालवत होत्या. तेव्हापासून माझ्याकडेच बघतोय. माणूस संशयी दिसतो.