व्हायोलाची वाटणी

मी, नीलकंठ गंगाधर खिरवडकर, वय वर्षे बावन्न, राहणार तात्यापारा, रायपूर, उरला येथील एका रोलिंग मिलच्या ऑफिसात नोकरीस, शिवाय दर रविवारी एका हिंदी दैनिकात लोकांची टर उडवण्याचे काम करणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण दार लोटलेले आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानाचा दाखला वेगळा आहे आणि तो तितका चांगला नाही.

माझा डावा कान सातव्या वर्षी गालगुंडात गेला. उजव्या कानाच्या नसेवर आता गाठ निघाली असून ती मेंदूवर दाब देते. परवा, गुरुवारी, नागपूरला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, गाठ जाईल, तिच्यासोबत ऐकणेही जाईल, आणि शंभरात एखाद्या वेळी माणूसही जातो. मी वकिलांना म्हटले, हे मृत्युपत्र दोन्ही बाबतींत लागू होईल असे लिहा. वकील म्हणजे सौमित्र दाणी, आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, मुलगा, मराठी सगळे समजते, उत्तर हिंदीत देतो. तो म्हणाला, "काका, वसीयत आदमी के मरने पर लागू होती है. कान के मरने पर नहीं."

म्हणून कायद्यात न बसणारी काही कलमे मी आपल्या जबाबदारीवर घालत आहे. ती पाळायची की नाही, हे घरच्यांनी ठरवावे. त्या वेळी भांडायला मी असलो तरी त्यांचे उत्तर मला ऐकू येणार नाही, ही त्यांची सोय आहे.

१. तात्यापाऱ्यातील राहते घर, त्यातील भांडीकुंडी, सामानसुमान आणि बँकेत जे काही असेल ते पत्नी सौ. यामिनी हिला. तिने घर विकू नये अशी अट मी घातली होती. "मले काय तुमच्याहून कमी समजते का?" असे ती म्हणाल्यावर अट काढून टाकली.

२. स्कूटर मुलगी कु. मंजिरी हिला. ब्रेक पायाचा धरावा, हाताचा शोभेचा आहे.

३. सतरा वर्षांची माझ्या लेखांची कात्रणे गोल बाजारातील रद्दीवाल्याला. रायपूर राजधानी झाल्यापासून ज्यांच्यावर मी लिहिले, ते सगळे बढती घेऊन मोठ्या बंगल्यांत गेले. माझ्या लेखणीचा कोणाला काही त्रास झाल्याचा पुरावा सापडत नाही.

४. आमच्या मंडळाने माझ्या सत्कारात दिलेली शाल मंडळाला परत. कारण लिहून ठेवतो. एका हळदीकुंकवाला त्यांनी "काहीतरी विदेशी वाद्यसंगीत" मागितले, म्हणून मी एक रेकॉर्ड घेऊन गेलो. ती रचना चार भागांची होती, मध्ये क्षणभर थांबत होती. पहिल्या थांब्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्या थांब्याला अत्तर फिरले. तिसऱ्या थांब्याला अध्यक्षीणबाईंनी आभार मानले आणि चौथा भाग चिवड्याच्या पुड्यांखाली गेला. तेव्हापासून त्या शालीने मला ऊब दिलेली नाही.

५. आता रेकॉर्डी. नग एकोणीस.

या मूळच्या आमच्या शेजारच्या नरहरीकाका देवांच्या. ते रेल्वेत गार्ड होते. १९८४ साली भिलाईहून एक रशियन इंजिनियर मायदेशी निघाला. त्याच्या बायकोला काकूंच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची चटक लागलेली. दोन बरण्या लोणचे तिकडे गेले आणि खोकेभर रेकॉर्डी इकडे आल्या. वरची अक्षरे आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती. आत स्ट्रिंग क्वार्टेट होती: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. ना तबला, ना तंबोरा, ना गाणारा. ही मंडळी हायडन आणि मोझार्टची आहेत, दोनशे वर्षांपूर्वीची, हे कळायला आम्हाला तीन वर्षे लागली. तोवर आम्ही त्यांना आमचीच नावे दिली होती. एकाचे नाव अजूनही "बिऱ्हाड बदललं" असेच आहे.

पहिल्या रविवारी काहीच कळले नाही. चौघे एकाच वेळी बोलत होते आणि कोणी कोणाचे ऐकून घेतो आहे असे वाटेना. काका म्हणाले, "अरे, एका माणसानं चार डबे काहून पाहायचे? आपण चार जण आहो. एकेकानं एकेक धरा. सरतेशेवटी सांगा, आपापल्यानं काय केलं ते."

गार्डाचे डोके. आम्हाला ते पटले.

पहिले व्हायोलिन काकांनी घेतले, वयाचा मान म्हणून. दुसरे शेजारच्या विमलाताईंनी. त्या शाळेत शिकवत, मागच्या बाकावर कोण कुजबुजते हे त्यांना बरोबर कळे. व्हायोला मला मिळाला, कारण मी "तो कोणता?" असे विचारले. यामिनी चहा घेऊन सगळ्यांत शेवटी आली, तिला उरलेला चेलो. एकोणीस वर्षे दर रविवारी अकरा वाजता आम्ही चौघांनी असेच ऐकले. रेकॉर्ड संपली की पाळीपाळीने सांगायचे. काका म्हणत, "माझा आज लय मिजाशीत होता." विमलाताई म्हणत, "माझी त्याच्या मागं मागं जाऊन राहिली होती, मग मधीच रुसली." यामिनी म्हणे, "माझा गप होता. विचार करून राहिला होता." आणि मी सांगे की माझा मध्ये बसून दोघांची भांडणे सोडवत होता. त्यावर यामिनी एकदा म्हणाली, "तुमचा तर काहीच करत नाही." मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. हा राग मी या मृत्युपत्राद्वारे मागे घेतो.

चौघांचे सांगून झाले की मगच ती रचना पुरी झाली असे आम्ही धरत असू.

काका २००३ साली गेले. विमलाताई पुढच्या वर्षी मुलाकडे पुण्याला गेल्या. मी एकदा फोन करून विचारले, अमक्या रेकॉर्डीत तुमची काय करते हो? त्या म्हणाल्या, "नीलकंठ, मले आता नातवाची बस येते तेवढीच ऐकू येते." तरी मी आणि यामिनी बसत राहिलो, दोघांचे दोघे सांगत राहिलो.

परवाच्या रविवारी मात्र मनात आले की कान आहे तोवर एकदा सगळेच ऐकून घ्यावे. यामिनी बाजारात गेली होती. मी पहिले व्हायोलिन धरायचे ठरवले. चार मिनिटांनी लक्षात आले की मी व्हायोलाच ऐकतो आहे. सुई मागे नेली. परत तेच. उजवा कान सवयीच्या बैलासारखा आपल्या गोठ्यात जाऊन उभा. काकांच्या माणसाची मिजास त्या खोलीत चालू असणारच, मला ती नुसती गर्दी म्हणून ऐकू आली. बावीस वर्षे मी या संगीताचा चौथा हिस्सा ऐकला आहे, आणि बाकीचे तीन हिस्से केवळ सांगण्यावरून मानले आहेत. ही चूक दुरुस्त करायला मला चार दिवस मिळाले होते. ते पुरत नाहीत.

६. मग असे ठरवले की निदान माझा हिस्सा तरी बुडू नये. व्हायोला मंजिरीला द्यावा. सोमवारी ती कॉलेजातून आल्यावर तिला माझ्या खुर्चीत बसवले.

"बाबा, इसमें आपका वाला कौन सा है?"

"मधला. ना वर, ना खाली."

"मुझे तो सब एक साथ सुनाई दे रहा है."

आवाज बोटाने दाखवता येत नाही. मी व्हायोला आला की हात वर करत गेलो आणि तिलाही करायला सांगितले. तिने मनापासून केला. माझ्या आजारामुळे मुलगी हल्ली सगळेच मनापासून करते, त्याचाच जास्त त्रास होतो. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तिचा हात ठामपणे वर जाऊ लागला, आणि दर वेळी चुकीच्या जागी. एकदा चेलोवर, दोनदा नुसत्या शांततेवर. मी दोन वेळा सुधारले. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे पाहिले, "सही है ना, बाबा?" आणि मी मान डोलावून "हव" म्हणालो. तेव्हा हे कलम मी रद्द करतो. मुलीला रेकॉर्डी आणि प्लेअर मिळतील. व्हायोला मिळणार नाही, कारण तो तिच्या हाती देणे मला जमले नाही.

७. आज सौमित्रला विचारले, ज्या वस्तूची वाटणीच झाली नाही तिचे काय होते? तो म्हणाला, "काका, जो बच गया, वो सब काकी के नाम लिख देते हैं. सिंपल है."

त्याप्रमाणे लिहितो. वर न नमूद केलेली, राहून गेलेली, मला ज्ञात वा अज्ञात असलेली माझी सर्व मिळकत, व्हायोलासह, पत्नी सौ. यामिनी हिला.

हे कलम सौमित्रने मोठ्याने वाचले, तेव्हा यामिनी दार उघडून आत आली. मला वाटले हसेल. ती माझ्या उजव्या बाजूला बसली, जिकडून ऐकू येते तिकडे.

"मी घेईन," ती म्हणाली. "उद्या गाडीच्या आधी मले एकदा लावून दाखवा, कुठं कुठं येते तो."

"बरं."

"पण मग माझा चेलो कोण धरेल?"

मी सौमित्रकडे पाहिले. तो कायद्याचा माणूस, त्याने पेनाचे टोपण लावले, परत काढले. "काकी, उसके लिए आपको अपनी वसीयत करनी पड़ेगी," तो म्हणाला. ती म्हणाली, "कोणाच्या नावे रे?"

याबाबत मला कोणतीही तरतूद करता आलेली नाही. येथवरचा मजकूर मी वाचून पाहिला, यामिनीने मला मोठ्याने वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही आणि ज्यांनी एकही रेकॉर्ड ऐकलेली नाही:

विशाल वर्मा, रा. बीरगांव, मिलमधील सहकारी (सही)
रूपाली मारोती नायगावकर, रा. तात्यापारा, शेजारी (सही)

लिहून देणार: नीलकंठ गंगाधर खिरवडकर (सही)

मुक्काम रायपूर, मंगळवार, दि. १४ नोव्हेंबर २००६