बावखलाचं पाणी ओहोळाला

उमेळे, वसई
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शेल्डनदादा,

तू, वहिनी आणि छोटी मजेत असाल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "मुद्द्यावर ये" म्हणतोस आणि मी मुद्द्यावर यायच्या आत तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून कागद घेतला.

वसईच्या होळी बाजारात यंदा वाल चांगले आलेत. शेजारच्या क्लेमेंटने बुलेट घेतली आणि पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी वाडीत घातली. त्याला काही झालं नाही, कोथिंबिरीला झालं.

बरं, मुद्दा. येत्या शनिवारी तू वाडी विकायचे कागद घेऊन येतोयस आणि बाबांना तुझ्याकडे नाशिकला नेतोयस, कारण ते मोटर बंद करायला विसरतात. इनेझ मावशी तुला बाबांबद्दल सारखे फोन करते ते मला माहीत आहे. तिचं खोटं नाही. अर्धी वाडी रिकामी पडलीय आणि बावखलाच्या, आपल्या त्या तळ्याच्या काठावरची मोटर दुपारपर्यंत घरघरत असते. बाबांचं डोकं उतरणीला लागलं, असं मलाही वाटत होतं.

सध्या मी एक काम धरलंय. हसू नकोस. विरारला फुलपाड्यात राहणाऱ्या ऋतिका मॅडम आहेत, कॉलेजात शिकवतात. आपल्या वाडीमागच्या ओहोळाची तब्येत कशी आहे ते त्या तपासतायत. मी वाट दाखवायची आणि बादली धरायची. पाण्यात उभं राहून पायाने तळ ढवळायचा, पुढे जाळी धरायची, जाळीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. मग बघत बसायचं. कोण राहतंय त्यावरून पाणी कसं आहे ते कळतं. मला हे काम आवडलं, कारण त्यात बघत बसणं आहे.

वर, नव्या बिल्डिंगींच्या मागे, मी ट्रे बघून खूश झालो. मासेच मासे! मॅडमना म्हटलं, जिवंत आहे की ओहोळ. त्या म्हणाल्या, हे गप्पी, गटारातही जगतात. बाकी ट्रेमध्ये नुसते लाल किडे. ते दिसले की समजायचं, पाण्यात हवा उरली नाही. वास तर तुला सांगायलाच नको.

मग आपल्या वाडीमागे आलो. तिथे चतुराची पिल्लं निघाली! चतुर उडायच्या आधी पाण्यात राहतो, हे मला या वयात कळलं. छोटे शंख निघाले, झिंगे निघाले. पन्नास पावलं खाली गेलं की हळूहळू परत लाल किडे. मॅडम म्हणाल्या, वरून घाण येतेय आणि मध्येच हे जगतायत, म्हणजे इथे कुठून तरी चांगलं पाणी मिसळतंय. आम्ही काठाकाठाने शोधत गेलो. अळवाच्या बेटामागे पाइप सापडला. नीट पुरलेला, तोंडाला जाळी बांधलेली. तू जिथे पोहायला शिकलास त्या आपल्या बावखलातून आलेला.

विसरणारा माणूस जाळी बांधत नाही, दादा.

संध्याकाळी बाबांना विचारलं. आधी ऐकूच आलं नाही असं केलं. मग म्हणाले, "इसरत नाय मी. पानी सोडतो. वरशी नुसती घान येते, तेवढ्यात ती पोरं जगायची कशी?" पोरं म्हणजे ते किडे आणि शंख. मी म्हटलं, मग सगळे तुम्हाला विसरभोळे म्हणतात ते ऐकून का घेता? तर म्हणाले, "लायटीचं बिल शेल्डन भरतो. इसरलो बोललं तर तो चिडतो, पन भरतो. ओहोळाला पाजतो बोललं तर मोटरच काढून नेईल."

आणि तू नेली असतीस. रागावू नकोस, मीही तेच केलं असतं.

म्हणजे डॉक्टरला दाखवायचं तर गुडघा दाखव, डोकं नको. आणि वाडी गेली की घेणारा पहिल्यांदा बावखल बुजवणार, तुलाही माहीत आहे. मग तो ओहोळ इथेही वरच्यासारखाच होईल. मॅडमनी हे काही मला सांगितलं नाही. ट्रे बघून मलाच समजलं.

तुला सांगू नको असं बाबांनी बजावलं होतं. मी त्यांच्यासमोरच बसून लिहितोय. ते पेपर वाचायचं नाटक करतायत.

शनिवारी ये, जरूर ये, छोटीला आण. तिला ट्रे दाखवतो. कागद आणू नकोस. त्यावर माझीही सही लागते आणि ती मी करणार नाही. मोटर उद्यापासून मी लावेन आणि मीच बंद करेन, त्यांना तेवढं चालवत नाही. मॅडमचं काम संपल्यावर क्लेमेंटच्या वाडीत जाईन, त्याला माणूस हवाय. बिल यापुढे माझ्याकडे पाठव. पत्ता उमेळ्याचाच राहील.

तुझा भाऊ,
मेलरॉय