उलटी घड्याळं व इतर जंगम मालमत्ता

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
दिवाळखोरीचा अर्ज करायचं नक्की झालं. हा शब्द मला पसंत नाही. मी त्याला 'फायनान्शियल रीस्टार्ट' म्हणतो. बायको म्हणाली, काहीही म्हणा, पण फॉर्म भरा.
फॉर्म अठरा पानांचा. घरातली प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत लिहायची. वकीलबाई म्हणाल्या, लोकांना पंधरवडा लागतो. म्हटलं, मला तीन दिवस पुरे. खोल्या तीन. रोज एक.

सायंकाळी ६
एक ड्रॉवर झाला. चार्जर नऊ. त्यांतले सात कशाचे ते कळत नाही. त्यावर बराच वेळ गेला. उद्या स्पीड वाढवणे.

५ मार्च, बुधवार
वस्तूंना किंमत कशी लावावी, यावर मूलभूत विचार केला. (ड्रॉवर तोच.) वकीलबाईंचं म्हणणं, आज बाजारात कोणी देईल तेवढीच लिहा. फार वरवरचा दृष्टिकोन. माझा फॉर्म्युला असा: खरेदीची किंमत, अधिक महागाई, अधिक इतकी वर्षं सांभाळल्याचे कष्ट.
सोफा, थ्री सीटर (सध्या दोघं बसतात): ६२ हजार.
मिक्सर (झाकण हाताने दाबून धरावं लागतं): ९ हजार.
मुलीची सायकल: १४ हजार. मुलगी म्हणाली, बाबा, तिला चेन नाहीये. म्हटलं ठमे, चेन वेगळी दाखवू. ठमी नववीत आहे, व्यवहार कळायला वेळ आहे.

६ मार्च, गुरुवार
आज मुख्य मालमत्ता. घड्याळं.
सलूनमध्ये गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसतं. मागच्या भिंतीवरचं घड्याळ त्याला उलटं दिसतं. माझं घड्याळ मुळातच उलटं चालतं, म्हणून आरशात सरळ दिसतं. कल्पना साधी, पण क्रांतिकारक. कर्ज काढून पाचशे करून घेतली. नमुना म्हणून वाटली ८५. विकली गेली ३. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, वेळ कळली तर गिऱ्हाईक उठून जाईल. व्हिजन नाही माणसाला.
शिल्लक ४१२. पलंगाखाली, माळ्यावर, बाथरूमच्या दारामागे. प्रत्येकी दीड हजार. म्हणजे ६ लाख १८ हजार. गुणाकार दोनदा केला. दोन्ही वेळा आनंद झाला.

९ मार्च, रविवार
शिलाई मशीन. बायको त्यावर हॉस्पिटलचे पडदे शिवते. सध्या १२० पडद्यांची ऑर्डर आहे, २५ तारखेला द्यायचे आहेत. दिवसभर घरघर चालू. मला विचार करताना त्रास होतो, पण मी बोलत नाही.
तिच्या कष्टांचा मान राखायला मशीनचे ८५ हजार लिहिले. तिला सांगितलं नाही. सरप्राइज.

११ मार्च, मंगळवार
फॉर्म पूर्ण. एकूण ११ लाख ४० हजार. एवढा श्रीमंत मी आयुष्यात कधी नव्हतो.
वकीलबाईंना आधी दाखवायचा होता, पण त्यांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. थेट कचेरीत जमा केला. खिडकीतल्या कारकुनाने एकूण आकडा दोनदा पाहिला, मग मला पाहिलं. इम्प्रेस झाला.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी १२
वकीलबाईंचा फोन. मीच स्पीकरवर टाकला, घरच्यांनाही कौतुक ऐकू जावं म्हणून.
कौतुक नव्हतं. म्हणाल्या, दहा हजारांच्या आतली वस्तू घरात राहते, वरची लिलावात जाते, हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं की नाही? म्हटलं, सांगितलं असेल, पण टोन तसा नव्हता. म्हणाल्या, सोफा, फ्रिज, पलंग, मशीन, सगळं तुम्ही स्वतःच्या हाताने लिलावात लोटलंय. बुधवारी तपासणीला कचेरीतले साहेब येतील.
बायको दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, मशीनचे किती लिहिलेत? सांगितलं.  ती आत जाऊन मशीनवर बसली.
सरप्राइज अशा तऱ्हेने फुटलं.

१५ मार्च, शनिवार
मशीन पहाटे पाचपासून चालू असतं. बुधवारच्या आत होतील तेवढे पडदे उरकायचे म्हणून. ४८ झाले. ही माझ्याशी बोलत नाही. ठमी शाळेतून आली की पडद्यांना कड्या लावते. मीही दोन लावल्या. खालच्या बाजूला लागल्या म्हणून ठमीने काढून घेतल्या. मग सोफ्यावर बसून नैतिक पाठिंबा दिला.
किमती कमी करण्याचा अर्ज लिहायला घेतला. सोफा ६२ वरून साडेएकसष्ट केला. त्याहून खाली हात वळेना.

१९ मार्च, बुधवार. दुपारी ४
साहेब येऊन गेले. सडपातळ, शांत गृहस्थ. हातात स्टिकरची गुंडाळी. सोफ्यावर बसले आणि आत गेले. मी हात देऊन वर काढलं. सोफा: ८००.
घड्याळं पाहून म्हणाले, ही उलटी का चालतात? मी बाथरूममधला आरसा काढून आणला, डेमो दिला. आरशात अकरा वीस वाजले होते. साहेबांनी मनगट पाहिलं. पावणेतीन. म्हटलं साहेब, वेळेकडे बघू नका, प्रिन्सिपल बघा. त्यांनी लिहिलं: ४१२ नग, किंमत शून्य, हलवण्याचा खर्च अर्जदाराकडे. शून्य लिहिताना माणसाचा हात अडखळायला हवा. नाही अडखळला.
मग मशीन. ही शिवतच होती. साहेब टाका संपेपर्यंत थांबले. मशीन आडवं करून खालून पाहिलं. म्हणाले, जुनं आहे, नऊ हजार.
हे मात्र मला सहन झालं नाही. नऊ? मी ताडकन उठलो, फाइल काढली, मागच्या वर्षी नवी मोटर बसवल्याचं बिल त्यांच्यापुढे ठेवलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, हे दाखवायलाच हवं का? म्हटलं, का नाही? नाइलाजाने त्यांनी बारा हजार केले. तीन हजारांनी जिंकलो!
मागे वळून पाहिलं तर हिने डोकं मशीनवर टेकलं होतं. रडत नव्हती. नुसतं टेकलं होतं.
ठमी म्हणाली, बाबा, तू किचनमध्ये जा आणि चमचे मोज. चमचे बावीस. बाहेर आलो तोवर साहेब हिच्याशी बोलत होते. ज्याच्यावर घर चालतं ते अवजार कितीही किमतीचं असलं तरी आम्ही नेत नाही, बाई. तसं प्रतिज्ञापत्र द्या. हिने विचारलं, त्यात काय लिहू? साहेब म्हणाले, जे खरं आहे ते.
मला वाटलं, मजकुरासाठी मला विचारतील.

२४ मार्च, सोमवार. दुपारी १
कचेरीत गेलो होतो. पडदे सगळे झाले, परस्पर पोचवून ही तिथेच आली. प्रतिज्ञापत्र तिने स्वतः लिहिलंय. एकच पान. माझा फॉर्म अठरा पानांचा होता.
कारकुनाने मोठ्याने वाचलं. गेली चार वर्षं घराचं भाडं, वीज, मुलीची फी शिलाईच्या उत्पन्नातून. घरात दुसरं उत्पन्न नाही. त्या चार वर्षांत माझं रिसर्चचं काम चालू होतं, हे नमूद करावं असं सुचवणार होतो. पण मागे रांग होती.
खाली रकाना होता, 'अर्जदार महिलेवर अवलंबून असलेल्या व्यक्ती'. दोन नावं.
ही हळूच म्हणाली, अहो, लिहावं लागलं. चालेल ना? तेरा तारखेनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. म्हटलं, चालेल.
कारकुनाने शिक्का मारला. मशीन राहिलं. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, तुमचं नाव नीट बघून घ्या, चूक असेल तर आत्ताच सांगा.
बघितलं. चूक नव्हती. ठमीच्या वर आहे. वयामुळे असेल.