पेटी द्या, माणूस नको

३ मार्च
किसन सुताराच्या घरी चर्चची शीतपेटी गेली. किसनचे वडील वारले. थोरला मुलगा सुरतेहून उद्या येणार, तोवर मयत ठेवायची तर या उन्हात पेटीशिवाय दुसरं काय? मार्चातच असं तापलंय, पुढे काय होणार देव जाणे.

पेटीबरोबर मी गेले, नेहमीसारखी. लूकसभाऊ रिक्षा चालवतात, पेटी उतरवतात, वायर जोडतात. मी आत बायकांत जाऊन बसते. जुन्या पाळकांनी घालून दिलेली रीत. चर्चची शीतपेटी गावात कुणालाही, कुठल्याही जातीच्या घरी जाईल, पण सोबत चर्चचं एक माणूस बसेल. लाइट गेली तर बर्फाचं बघेल, पाणी भरेल, रडणाऱ्याला धरेल. आणि पेटीपाशी तोंड उघडणार नाही. प्रार्थना करायची तर आपल्या घरी येऊन करा, म्हणायचे.

आज नवे पाळक हौसेने सोबत आले. तिशीचे आहेत, मनाने चांगले. पेटी लावून झाली, मी "आता तुम्ही निघा" म्हणेपर्यंत यांनी काचेवर हात ठेवला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात प्रार्थना सुरू. मी त्यांचा शर्ट ओढला. थांबले नाहीत. दारातल्या दोघातिघांचे मोबाईल वर झाले.

५ मार्च
व्हायचं तेच झालं. व्हिडिओ गावभर. वर कुणीतरी लिहिलंय, "मेल्यावरही सोडत नाहीत." सकाळी दूधवाला माप ओतता ओतता म्हणाला, "बाई, ते मोबाईलमा दखं ते खरं शे का?" काय खरं? एका माणसाने डोळे मिटले हे खरं.

पाळकांना जाऊन बोलले. ते म्हणाले, "बाई, मी प्रार्थनाच केली ना? शिवी तर दिली नाही." प्रार्थनाच केली. मी पण आयुष्यभर तेच करत आले, फक्त ओठ न हलवता.

९ मार्च, रवि.
उपासनेनंतर चर्चच्या पंचांची मीटिंग. पेटीवरचा क्रॉस खरवडून काढायचा का, यावर तासभर. लूकसभाऊ म्हणाले, "क्रॉस तर दवाखान्याच्या गाडीवर पण असतो." मी म्हणाले, काढा. कुणाच्या बापाला दोन प्रहर गारव्यात पडता येणार असेल तर काढा. पाळकांच्या डोळ्यांत पाणी. जास्तच बोलले की काय. पण वर्गात चाळीस पोरं सांभाळलेलं तोंड आहे, आता कुठे बदलणार.

ठरलं काहीच नाही. चहा झाला.

१४ मार्च
धुळवड. गल्लीत पोरांचा दंगा. दुपारी पाटील आळीतून लूकसभाऊंना फोन आला, त्यांच्याकडची म्हातारी गेली. "भाऊ, पेटी धाडी द्या. माणूस नको."

मी साडी बदलून तयार बसले होते. लूकसभाऊ फाटकातूनच सांगून गेले, माझ्याकडे न बघता. पेटी दारात उतरवून आले. वायर पाटलांच्याच पोरांनी लावली म्हणे.

राग आला. मग वाईट वाटलं. मग परत राग. त्या म्हातारीच्या तिन्ही नाती माझ्या हाताखाली शिकल्या. साडी परत घडी घालून ठेवली.

२१ मार्च
शेजारच्या नर्मदाअक्काकडे गेले. आमची भिंत एक, म्हणून तिच्याकडे जायला निमित्त लागत नाही. नर्मदाअक्का नुसती वाळत चालली आहे. मूत्रपिंडाचं जळगावला दाखवणं पण तिने बंद केलं. "जावानं, सुया टोची घेवानं, परत येवानं. कसाले?"

मग एकदम म्हणाली, "मी मरनू ते मना जोडे तूच बठजो बरं. ह्या बाया रडी रडी मनं डोकं दुखाडतीन."

म्हटलं, मेल्यावर डोकं दुखतं का गं?

"मनं दुखी. तुले काय माहीत?"

हसलो दोघी. तिला हसताना धाप लागली. आमचे हे गेले तेव्हा चर्चमध्ये पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बसली होती, चपला बाहेर काढून. तुझ्या उशाशी मीच बसेन म्हणाले. शब्द दिला.

गिरीश, तिचा धाकटा, अंगणात फोनवर होता. मला बघून नमस्कार केला आणि आवाज खाली आणला.

२८ मार्च
गिरीशच्या तरुण मंडळाने नवी शीतपेटी आणली. चौकात मंडप, हार, भाषणं, फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो. स्टीलची आहे, आमच्यापेक्षा मोठी. चांगलंच झालं. ऐन उन्हाळ्यात दोन घरी एकदम प्रसंग आला की आम्ही एकाला नाही म्हणायचो, ते पाप टळलं.

असं दिवसभर स्वतःला सांगतेय.

संध्याकाळी गिरीश वाटेत भेटला. "बाई, आता तुम्हाला त्रास नको. खूप केलं तुम्ही." अगदी आदराने बोलला. बोट ठेवायला जागा नाही. यालाच मी पाढे शिकवले, नाक पुसून.

६ एप्रिल, रवि.
रामनवमीची मिरवणूक चर्चवरून जाते. दरवर्षी आम्ही फाटकाशी सरबताचा पिंप ठेवतो, ही पण जुनीच रीत. पाळक बिचकत होते, "ठेवायचं का बाई?" म्हटलं, न ठेवलं तर आपणच भिंत घातली असं होईल. ठेवलं. म्हातारी माणसं थांबली, प्यायली, ख्याली-खुशाली विचारली. तरुण पोरं पुढे गेली. एकाने हात पुढे केला, मागच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, तोही गेला.

निम्मा पिंप उरला. लूकसभाऊंनी बोगनवेलीला घातला. साखरेने मुंग्या येतील म्हणाले. आल्या तर येऊ देत.

१२ एप्रिल
अक्का गेली. दुपारी, जेवणवेळेला. सुनेची किंकाळी भिंतीतून ऐकू आली आणि कळलं.

पळतच गेले. मंगल, तिची मुलगी, भडगावहून निघाली होती. अक्काचा थोरलाही सुरतेलाच, तो सकाळपर्यंत येणार. मंडळाची पेटी आली, पोरांनी झटपट लावली. माझी जागा मला माहीत, मी उशाशी बसायला गेले. गिरीश आडवा आला नाही. फक्त म्हणाला, "बाई, ऊन आहे. तुम्ही घरी जा. पोरं आहेत इथे." मागे मंडळाची चारसहा जणं उभी होती, ती आमच्याकडेच बघत होती. गिरीशचे डोळे रडून लाल. त्याला आत्ता वादात कुठे ओढू?

मी घरी आले.

आले कशी? हेच कळत नाही. बसून राहायचं होतं. उचलून तर बाहेर टाकलं नसतं. अक्का पलीकडे, मध्ये एक वीट, आणि मी इकडे खाटेवर. बायका रडत होत्या. डोकं दुखलं असेल तिचं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रवि.
उपासना चालू असतानाच अक्काला नेलं. गीत अर्ध्यावर टाकून मी बाहेर फाटकाशी आले. हातात सणाची झावळी तशीच. थोरल्याच्या हातात मडकं, मागे गिरीश खांदा देत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग समोर. झावळी कुठे लपवावी कळेना. फाटकाला टेकवून ठेवली आणि हात जोडले.

आत आले तेव्हा पाळकांचं प्रवचन सुरू झालं होतं. एक शब्द आठवत नाही.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
कडक ऊन. चर्च अर्धं रिकामं. तरुण सगळे पुण्याला, नाशिकला. आम्ही म्हातारे उरलो घंटा वाजवायला.

उपासनेनंतर पाळक थांबले. "बाई, माझ्यामुळे झालं हे." मी म्हणाले, "हो." नको होतं म्हणायला. बदली मागतो म्हणतात. बदली मागून काय होणार, पुढचे येतील त्यांनाही तोंड असेलच.

२४ एप्रिल
अक्काचं तेरावं झालं. संध्याकाळी मंगल आली, सरळ स्वयंपाकघरात. मला वाटलं रडायला आली. म्हणाली, "मावशी, आखाजीले आईनी घागर शे. आईना पानवर तुम्हीच बठा. तिनीच सांगी ठेयेल शे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पानावर बसवतात, त्याने आधी जेवायचं. अक्काच्या जागी मी. सगळं गाव सोडून मी.

"गिरीशला विचारलंस?"

"त्याले काय इचारानं? आई मनी बी शे."

तिला जवळ घेतलं. ती गेली आणि मग उजेड पडला माझ्या डोक्यात. ते पान पितरांना वाहिलेलं असतं. आमच्यात ते चालत नाही. आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून आमच्या घरात कुणी त्या अन्नाला शिवलेलं नाही. अक्काला हे पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं आखाजीची पुरणपोळी अंगणाच्या भिंतीवरून द्यायची ती नैवेद्य दाखवायच्या आधी काढून. "पहिले तुमनं काढस, मंग देवनं." मग मरताना मला यात का घातलंस गं? की मुद्दाम?

२७ एप्रिल, रवि.
लपवून करायची सवय नाही. पंचांसमोर सांगितलं. पाळक म्हणाले, "बाई, वचन स्पष्ट आहे." लूकसभाऊ म्हणाले, "जाऊन बसा नुसतं. तोंडाला लावू नका." म्हणजे उष्टं न करता पानावरून उठायचं? त्यापेक्षा न गेलेलं बरं. त्या घरी तो अपशकुनच.

पाळक मला बाजूला घेऊन हळू बोलले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. "तुम्ही पंच आहात. तुम्ही तिथे जेवलात तर पुढच्या रविवारी मी तुम्हाला प्रभुभोजन कसं देऊ? चर्चची मंडळी मला विचारेल." खरं आहे त्यांचं. पोरवयापासून त्या भाकरीचा तुकडा चुकवलेला नाही मी. आजारपणात घरी आणून दिला जुन्या पाळकांनी. तो बंद झाला तर मी कोण उरते? आमचे हे गेल्यावरही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

इकडे आड, तिकडे विहीर. प्रार्थना केली.

२९ एप्रिल
गिरीश आला. आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच. खुर्ची दिली, बसला नाही. पाणी दिलं, ते घेतलं.

"बाई, ताईने तुम्हाला बोलावलंय."

"हो."

"आईची इच्छा होती, मला माहितीय. मी नाही म्हणू शकत नाही." उरलेलं पाणी एका घोटात संपवलं. "मंडळातले विचारायला लागलेत. इतकं सगळं झालं आणि आता पितराच्या पानावर बाई? मी त्यांना काय सांगू?" आणि मग आलं ते, "तुम्हीच नाही म्हणालात तर बरं होईल. तुमच्यात चालत नाही, ताईला पटेल."

पाळकांनाही मी नाही म्हणायला हवंय, मंडळालाही. गावात महिनाभरात दोघांचं एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

मी रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला. जाताना वाकून नमस्कार केला त्याने. अंगाने उतरलाय. दाढी वाढलीय. आई गेलेलं पोर ते, मला त्याच्यावर धड रागावतासुद्धा येत नाही.

३० एप्रिल, आखाजी
सकाळपासून पलीकडे पाट्या-वरवंट्याचा आवाज, पुरणाचा वास. लिंबावर झोके बांधलेत. माहेरवाशिणी गाणी म्हणतायत. मंगल त्यांच्यात नाही.

आंघोळ केली. पांढरी साडी नेसले. बायबल उघडलं, मिटलं. चर्चचं फाटक उघडल्याचा आवाज आला. पाळक असतील. माझ्या खिडकीतून तिकडचं दिसतं, तिकडून माझं दार दिसतं.

मंगलला सांगायचं वाक्य मनात तयार केलं होतं. "बाळ, आमच्यात चालत नाही, तुझ्या आईला माहीत होतं." चांगलं वाक्य आहे. खरंही आहे. सगळ्यांची सुटका.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती दारात आली. डोक्यावर पदर, हात पिठाचे. "मावशी, पान वाढेल शे. आमरस बी करेल शे. चाला."

वाक्य तोंडाशी आलं. म्हटलं, तू हो पुढे.

ती गेली. जाता जाता वळली, "लवकर या. पोरं भुक्या शेतस. पानवर माणूस बठल्याबिगर घरमा कोनीच घास लेत नही."

दुसऱ्या खिडकीतून त्यांची ओसरी दिसते. पोरं पायरीवर बसलीत, पेंगुळलेली. गिरीश खांबाला टेकून उभा आहे. तोही सकाळपासून उपाशीच. वही मिटते, पान थांबलंय.