पट्टकदंब उतरले त्या सकाळी

बाबा, मी सासरहून परत आले तो हिवाळा तुम्हाला आठवत असेल. तुम्ही कागद कारखान्यातून नुकतेच रिटायर झाला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगायची, "चार दिवस माहेरपणाले आली," आणि स्वयंपाकघरात मला हळूच म्हणायची, संक्रांत झाली की जा. तुम्ही उजाडलं की लुना काढायचात आणि म्हणायचात, "चाल, तलावावर नवीन कोण आलं पाहू." मी शाल गुंडाळून मागे बसायची. बल्लारपूर मागे पडलं की कारखान्याचा वास विरायचा आणि धान कापलेल्या बांध्या, छोटी छोटी शेतं, लागायची.

त्या दिवशी धुकं आहे. पाण्यात नेहमीचे चक्रवाक, लांब शेपटीची बदकं. पण काठच्या लाखोळीच्या शेतात राखाडी, थोराड पक्षी चरताहेत. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकदंब हे त्यांचं नाव मला फार नंतर कळलं. तुम्ही लुना बंद करता, दबक्या आवाजात म्हणता, "हे इथचे नाईत व. लय दुरून आले असन. तिकडची थंडी सहन नाई झाली बिचाऱ्यायले."

"मलेबी नाई झालं, बाबा," मी म्हणाले. मग सगळंच सांगितलं. नवरा दारू न पिताही मारतो, सासू बाहेरून कडी लावते. तुम्ही पक्ष्यांकडेच पाहत होता. "मले काऊन नाई सांगितलं?" "तुमी विचारलं कुठी?" मग तुम्ही म्हणालात, "तुह्या मनगटावरचा डाग पाह्यला होता मी. विचाराची हिंमत नाई झाली." तुमच्यावरचा माझा राग तिथेच ओसरला. पुरता नाही, पण बराचसा.

त्याच आठवड्यात सासरे न्यायला आले. आईने बॅग भरून दाराशी ठेवली होती. ती उचलून तुम्ही आतल्या खोलीत ठेवलीत आणि बाहेर येऊन म्हणालात, "पोरगी इथीच राहीन. तुमी चहा घेऊन जा."

"लोक काय म्हणतीन?" सासरे म्हणाले.

"म्हणू द्या."

आई कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. मग एक दिवस तिनेच तुम्हाला पिटाळलं, माझं नाव डी.एड.ला घालायला.

आता मी धानोऱ्याला शिकवते. तुम्ही गेल्यापासून, सुट्टीत आले की एकटीच तलावावर जाते. आज एक अनोळखी बदक दिसलं, तांबूस डोक्याचं, कपाळावर पिवळसर पट्टा. "बाबा, हा कोणता?" तोंडून निघून गेलं. शिंगाडे काढून आलेले एक म्हातारे डोंगा काठाला लावत होते. त्यांनी मान वर केली. "मले आवाज देल्ला काय, बाई?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. मी त्यांना हो म्हणाले.