आत्याचे धवले आणि माझी शुद्ध प्रत

मंगळवार, १४ नोव्हेंबर १९८९, बोनकोडे

पुसलेली फाईल परत आली, पण अर्धीच. उरलेल्या जागी मंडळाच्या क्रिकेट सामन्यांचं पत्रक! त्याच फ्लॉपीवर ते टाइप करायची काय घाई होती मला?

आत्या आमच्या गावची धवलारीण. लग्नात ती म्हणते ते सगळे धवले मी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते. तेवढ्यावर थांबलो असतो तर... पण नाही. ती जिथे 'हाय' म्हणाली, तिथे 'आहे' करून, ओळीच्या ओळी बदलून मी शुद्ध प्रत काढली आणि तिला वाचून दाखवली. ती पदराआड हसली. "कुनाची रं ही गानी?" इतका शरमलो की ती प्रत पुसायला गेलो आणि मूळ फाईलच पुसली.

आज तिला म्हटलं, "आत्या, राहिलेले परत सांग ना."

तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तूच बोललास ना, मशीनमदी हाय, इसरलीस तरी चालंल. मंग इसरले मी."

खरंच विसरली, की रागावली आहे?

शुद्ध प्रत तेवढी धडधाकट आहे. मघाशी मोठ्याने म्हणून पाहिली. 'आहे' आलं की चाल मोडते.