भाऊजींचा हिवाळा

दि. ६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

तुझा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. माझं टक्कल सोडून इथे कशाचीच प्रगती नाही.

आता कामाचं. हे पत्र भाऊजींच्या हाती पडू देऊ नकोस. उत्तरेचा थंड समुद्र हवेतला किती कार्बन डायऑक्साइड पोटात घेतो, याचा अंदाज आमची कचेरी बांधते, हे तुला ठाऊक आहे. भर हिवाळ्यात त्या वाटेने जाणारी मालबोट एकच, भाऊजींची. पाण्यात किती वायू आहे ते त्यांच्या इंजिनघरातलं आमचं यंत्र दाखवतं आणि भाऊजी दिवसातून दोनदा तो आकडा वहीत लिहितात. पाण्यात वायू जितका कमी, तितका समुद्र हवेतून जास्त ओढतो. यंदा त्यांचे आकडे इतके कमी आहेत, की हा समुद्र शेजारच्या पाण्यांपेक्षा दीडपट वायू गिळतोय असं निघतं. मला ते पचत नाही. त्यात वादळाच्या दिवसांतही अक्षर मोत्यासारखं! मला तर वाटतं, भाऊजी पांघरुणात बसून आकडे ठोकून देतात.

साहेबांपाशी मी हे बोललो. ते म्हणाले, खरं असेल तर बोटीच्या मालकांना कळवावं लागेल. मग भाऊजींची बोट गेलीच म्हणून समज. सध्या ते घरीच आहेत, तेव्हा त्यांच्या पेटीत कच्ची वही आहे का, तेवढं बघ. त्यांना विचारू नकोस, सावध होतील.

तुझा,
टिल्लू


दि. १४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस आशीर्वाद. ‘अनेक उत्तम’ आज लिहवत नाही.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने तुला सायकल शिकवताना स्वतःचे गुडघे फोडून घेतले, त्याच्यावर तू नजर ठेवायला सांगतोस, तेही मला?

पण संशय मेला चिकट असतो रे. दोन दिवस मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. मी खोलीत गेले की ते खण लोटून घेतात असं वाटायला लागलं. जेवताना सहज म्हणून विचारलं, तर म्हणाले, वादळात पाटीवर खडूने लिहितो आणि बोट स्थिरावली की वहीत उतरवतो. तेही मला खरं वाटेना. शेवटी ते केस कापायला गेले तेव्हा पेटी उघडली. कच्ची वही नाही. लोकरी मोजे, चष्म्याचं घर आणि झाकणाला आतून चिकटवलेली एक चिठ्ठी. तिच्यात लिहिलंय, की पाणी नळातून येताना इंजिनघराच्या उबेने तापतं आणि आकडा फुगतो, म्हणून दर अंशामागे शेकडा चार वजा करून मगच वहीत लिहावं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. अक्षर मात्र तुझं आहे.

कडी परत नीट बसली नाही. मला स्वतःची लाज वाटते आहे.

तुझी,
ताई


दि. २३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी माझीच. दोन वर्षांपूर्वी धक्क्यावर उभ्या उभ्या लिहून दिली होती. या हिवाळ्यापासून ती वजाबाकी आम्ही कचेरीतच करायला लागलो. सगळ्या बोटींना मी पत्रं घातली, की आता यंत्रावर दिसेल तोच आकडा लिहा. भाऊजींना तेवढं घातलं नाही. घरचा माणूस, भेटल्यावर सांगू म्हटलं आणि साफ विसरलो. ते इमानाने वजा करत राहिले आणि त्यावर मीही वजा करत राहिलो. दोनदा वजा झाल्यावर समुद्र खादाड दिसणार नाही तर काय!

तुझं पत्र यायच्या आधीच साहेबांनी मालकांना कळवलं होतं. आज मी त्यांच्यापुढे उभा राहून चूक माझी असल्याचं सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं. भाऊजींचा हिवाळा शंभर टक्के खरा आहे. त्या पेटीचं तेवढं त्यांना सांगू नकोस.

तुझा नालायक भाऊ,
टिल्लू


दि. २ मार्च

चि. टिल्लूस आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, तरी हे लिहितो. मालकांचं पत्र आलं. बोट राहिली, यंत्रही माझ्याकडेच राहिलं. चूक कुणाच्याही हातून होते, तिचा मला राग नाही.

तुझी दोन्ही पत्रं तुझ्या ताईने आपणहून माझ्यापुढे ठेवली. राग आहे तो तू मला न विचारता तिला विचारलंस याचा. वर्षातले आठ महिने मी पाण्यावर असतो. घर म्हणजे माझ्यासाठी तीच.

आता ती प्रत्येक गोष्ट विचारून करते. खिडकी उघडू का, तुमचा कोट झटकू का, ही वर्तमानपत्रं उचलू का. बावीस वर्षांत तिने असं कधी विचारलं नव्हतं. मी उचल म्हणतो, ती उचलते.

मंगळवारी बोट सुटते. त्याआधी ये आणि काहीतरी वेडंवाकडं बोलून तिला हसव. मी करून पाहिलं, मला जमलं नाही.

लोभ आहेच, थोडे दिवस तो माझ्याकडून मागू नकोस.

तुझे,
भाऊजी